कपाटात असलेल्या, शोधात नसलेल्या कादंबऱ्या: मुक्तस्रोत वेब-ॲपमधल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारं, तालुका 'ब' वर्गातलं. खाली पेपर-मासिकांची खोली आणि देवघेव विभाग, वर स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची अभ्यासिका. ग्रंथपाल मॅडम बऱ्याच वर्षांपासून तिथेच आहेत. पुस्तकांची यादी पूर्वी एका जुन्या, फॉन्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलून घेऊन एका मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) वेब-ॲपवर चढवली, म्हणजे वाचकाला घरबसल्या फोनवरून पुस्तक शोधता येईल. ॲप पायथॉनमध्ये लिहिलेलं, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, परवाना अफेरो जीपीएल तिसरी आवृत्ती. सर्व्हर सांभाळायला शहरातला एक सेवा पुरवठादार.

प्रकरणातली दुसरी व्यक्ती म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली, याच गावातली एक विद्यार्थिनी. तिला पायथॉन येत होतं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जुजबी येत होतं, आणि मुक्तस्रोत प्रकल्पाला तोवर एकही ओळ पाठवलेली नव्हती. माझा सहभाग फोनवरून सल्ला देण्यापुरता. गावाचं, ॲपचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

अडचण

तक्रार आली ती एका निवृत्त शिक्षकांकडून. "मॅडम, पुस्तक तर कपाटात दिसायलंय, अन् कॉम्प्युटर नाही म्हणायलाय. कामून?" त्यांनी फोनवर 'कादंबऱ्या' असं टाइप केलं होतं. शीर्षकात किंवा विषयात तो शब्द असलेली निम्मी पुस्तकं यादीत आलीच नाहीत. मॅडमनी तोच शब्द ऑफिसातल्या जुन्या संगणकावर टाइप केला तर वेगळीच निम्मी आली. शब्द एक, याद्या दोन. मग पाहू लागल्या तर 'शेतकऱ्यांच्या', 'दुसऱ्या', 'नोकऱ्या', 'तऱ्हा' या सगळ्यांची तीच गत. 'शेतकरी' मात्र बिनबोभाट सापडे.

विद्यार्थिनी अभ्यासिकेत यायची. मॅडमनी तिला हाक मारली, "अगं, तू कॉम्प्युटरची ना? हे बघ जरा." तिने दोन्ही यादींतला एकेक शब्द उचलला आणि पायथॉनमध्ये अक्षर-अक्षर सुटं करून छापलं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे होते, पण आतली रचना वेगळी निघाली ('यू+' म्हणजे त्या वर्णाचा युनिकोडमधला संकेतांक):

कादंबऱ्या: … ब, ऱ (यू+०९३१), ् (यू+०९४डी), य, ा
कादंबर्‍या: … ब, र (यू+०९३०), ् (यू+०९४डी), जॉइनर (यू+२००डी), य, ा

दुसऱ्या ओळीत एक अदृश्य वर्ण आहे, झीरो विड्थ जॉइनर. आणि दोन्ही पद्धती नियमात बसतात. 'ऱ' ला हलन्त जोडून चंद्रकोरीसारखा अर्धा र काढण्याची रीत १९९१ च्या इस्की या भारतीय मानकापासूनची. 'र्' नंतर जॉइनर टाकण्याची रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली, पुढे जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवलेली. वाचनालयाचा जुना डेटा बदलणाऱ्या कन्व्हर्टरने सगळीकडे दुसरी रीत वापरली होती. नंतरच्या नोंदी मॅडमच्या मदतनिसाने इनस्क्रिप्ट कळफलकावर केल्या. तिथे शिफ्ट धरून 'जे' ची कळ दाबली की थेट 'ऱ' येतो. वाचकांच्या फोनवरूनही तोच येत होता. ऑफिसातल्या संगणकावर मात्र कन्व्हर्टरसोबत आलेला जुना कळफलक होता, तो जॉइनरवाला.

यावर तयार औषध नाही, हे तिला लवकर कळलं. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी किंवा एनएफकेसी, 'र' आणि खालचा नुक्ता सुटे असतील तर त्यांचा एक 'ऱ' करतं. पण 'र्' अधिक जॉइनर आणि 'ऱ्' यांना मानकाने समतुल्य ठरवलेलं नाही, म्हणून प्रमाणीकरण करूनही दोन शब्द दोनच राहतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय डेटाबेसमध्येच बदल करून सगळ्या नोंदी एकाच रीतीच्या करण्याचा. एक क्वेरी, संध्याकाळभराचं काम. विद्यार्थिनीचा कल इकडेच होता. मॅडमनी नकार दिला. जुन्या कन्व्हर्टरमधून गेलेल्या याद्या शेजारच्या वाचनालयांकडूनही येणार होत्या, त्या आल्या की पुन्हा तेच. शिवाय जुन्या कळफलकावर जॉइनरने टाइप करणाऱ्याला मग काहीच सापडणार नव्हतं. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो कोड न येणाऱ्या व्यक्तीने घेतला.

दुसरा, ॲपच्या शोधाच्या कोडमध्ये आपल्यापुरता बदल करून तो आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा. पुरवठादाराला हे नको होतं, कारण दर अपग्रेडला तो बदल हाताने पुन्हा बसवावा लागला असता. आणखी एक गोष्ट लोकांच्या सहसा ध्यानात नसते. अफेरो जीपीएल असलेलं सॉफ्टवेअर बदलून नेटवर्कवर लोकांना वापरायला दिलं, तर त्या लोकांना बदललेला सोर्सकोड मिळण्याची सोय करावी लागते. सर्व्हर आपला म्हणून बदलही घरातच ठेवू, असं तिथे चालत नाही. कोड खुला करायचाच आहे, तर मूळ प्रकल्पाला का देऊ नये?

तिसरा पर्याय तोच: मूळ प्रकल्पात दुरुस्ती पाठवणं. अडथळे होते. इंग्रजीत लिहायचं, अनोळखी लोकांशी वाद घालायचा, आणि किती वेळ लागेल याची हमी नाही. सहामाही परीक्षाही तोंडावर होती.

ठरलं ते असं: तिसरा पर्याय घ्यायचा, आणि तोवर वाचकांसाठी मॅडमनी संगणकाशेजारी एक कागद चिकटवायचा. 'पूर्ण शब्द लिहू नका. सुरुवातीची अक्षरे लिहा. उदा. कादंब.' ॲपचा शोध शब्दाच्या सुरुवातीवर चालत असल्याने ही युक्ती चालून गेली. मुख्य दुरुस्तीची घाई त्यामुळे संपली, आणि पुढे जे महिने गेले ते परवडले.

इश्यू लिहिण्यापासून सुरुवात

पहिला इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवायची तक्रार, तिने लिहिला त्याचा आशय 'मराठी शोध चालत नाही' एवढाच होता. त्यावर 'अधिक माहिती हवी' असं लेबल लागलं आणि तो पडून राहिला. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, युरोपातले. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, आणि येत असती तरी उपयोग नव्हता, कारण फरक डोळ्यांना दिसतच नाही.

दुसऱ्या वेळी तिने शब्दांची चित्रं न देता संकेतांकांच्या ओळी दिल्या, वर जशा आहेत तशाच. सोबत रिकाम्या इन्स्टॉलवर अडचण घडवून दाखवणाऱ्या पायऱ्या: ही दोन पुस्तकं नोंदवा, हा शब्द शोधा, अपेक्षित निकाल दोन, प्रत्यक्षात एक. युनिकोड मानकातल्या त्या दोन नियमांचा उल्लेखही केला. दोन दिवसांत मेंटेनरचं उत्तर आलं, 'माझ्याकडेही घडलं, पॅच आणलात तर पाहू.' अनोळखी लिपीतला बग परक्या माणसाच्या मशीनवर घडवून दाखवणं हेच अर्धं काम. इथे तर अर्ध्याहून जास्त.

पहिली पुल रिक्वेस्ट आणि तिचं काय झालं

पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीत, तिने तीन गोष्टी केल्या. नोंद सेव्ह होतानाच मजकुरातले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारा तसाच अदृश्य वर्ण) काढून टाकले. 'ऱ' चा 'र' केला. आणि जाता जाता मराठी भाषांतरातली काही लेबलं सुधारून एका फाइलची मांडणीही नीट केली. चाचणी एका शब्दाची, 'कादंबऱ्या'. चाचणी पास.

कोणी कोड वाचायच्या आधीच आपोआप होणाऱ्या तपासणीने अडवलं. प्रकल्पात प्रत्येक कमिटखाली (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा बदल द्यायचा मला हक्क आहे, असं त्यातून लेखक सांगतो. ओळीत तिचं नाव होतं, पण कमिटचा लेखक म्हणून भलत्याच मुलाचं नाव आणि ईमेल आलं. कॉलेजच्या लॅबमधला संगणक सामायिक, आणि कोणीतरी आधी स्वतःचं नाव गिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये घालून ठेवलेलं. मी फोनवर सांगितलं ते एवढंच: सेटिंग त्या रेपॉझिटरीपुरतं (प्रकल्पाच्या त्या प्रतीपुरतं) कर, मग कमिट अमेंड करून (दुरुस्त करून) लेखक रीसेट कर आणि फोर्स पुश कर (जुन्याच्या जागी नवं चढव). लॅबमधून योगदान देणाऱ्या पोरांच्या बाबतीत हा घोळ मी वरचेवर पाहतो. क्लोन केल्या केल्या, म्हणजे कोडची प्रत उतरवताच, गिट कॉन्फिगमधलं नाव बघून घ्यावं.

रिव्ह्यूमध्ये दोन आक्षेप आले. पहिला, लेबलं आणि मांडणी यांची पुल रिक्वेस्ट वेगळी करा. हा तिने लगेच मान्य केला. लेबलांचा बदल वेगळा गेला आणि आठवड्यात मर्जही झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला.

दुसरा आक्षेप मूळ कल्पनेवरच होता. हे अदृश्य वर्ण सगळ्याच भाषांत फुकट नसतात. फारसीत 'मी' हा क्रियापदाचा उपसर्ग पुढच्या भागापासून नॉन-जॉइनरनेच वेगळा ठेवतात. सिंहलीत 'श्री' जॉइनरशिवाय नीट उमटत नाही. मल्याळममधली चिल्लू अक्षरं (स्वर नसलेल्या व्यंजनांची खास रूपं) २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने स्वतंत्र दिली. त्याआधीच्या मजकुरात ती जॉइनरनेच लिहिलेली आहेत. सेव्ह करतानाच हे वर्ण पुसले तर इतर देशांतल्या ग्रंथालयांचा डेटा कायमचा बिघडला असता, आणि परत आणायला काही उरलं नसतं.

तिसरी त्रुटी मेंटेनरना दिसणं शक्यच नव्हतं. ती मॅडमनी काढली. विद्यार्थिनीने चाचणीची प्रत आपल्या लॅपटॉपवर चालवून त्यांना दाखवली. मॅडमनी 'कादंबऱ्या' बाजूला ठेवून 'आचाऱ्यांना' टाइप केलं. लग्नकार्यातल्या स्वयंपाकाचं एक पुस्तक त्यांच्या डोक्यात होतं. यादीत आलं ते आचार्यांविषयीचं चरित्र-वाङ्मय. "अगं, हे तर आचार्यांचं झालं. मला स्वयंपाकी पाहिजे." 'ऱ' चा 'र' केला की आचारी आणि आचार्य एका रांगेत बसतात, दऱ्या आणि दर्याही.

निर्णयाचा क्षण

इथे खरा प्रश्न पडला. निकालात चार पुस्तकं जास्त आली तर काय बिघडतं? मीही सुरुवातीला याच बाजूने बोललो, कारण शोधात काही राहून जाण्यापेक्षा काही जास्त येणं बरं. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. छोट्या पडद्यावर वाचक पहिल्या चार ओळींच्या खाली जात नाही. तिथे भलतं दिसलं की 'कॉम्प्युटरला काही कळत नाही' म्हणून तो थेट काउंटरवर येतो.

आणि फरक राखणं अवघडही नव्हतं. दोन्ही लेखनपद्धती चंद्रकोरीचाच र दाखवतात, मग एकीचं रूपांतर दुसरीत करायचं, साध्या रफाराला हात लावायचाच नाही. नवा नियम असा झाला: आधी एनएफसी करा, मग 'र, हलन्त, जॉइनर' हा नेमका त्रिकूट दिसला तर त्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा. बाकी कुठलाही जॉइनर जागचा हलवू नका. आणि हे फक्त शोधाच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी ॲप वेगळी ठेवतं त्या सूचीत) व वाचकाने टाइप केलेल्या शब्दावर, एकाच फंक्शनमधून. साठवलेली नोंद आहे तशीच राहते.

कोड आधीपेक्षा लहान झाला, मोजून सहा ओळी. वाढल्या त्या चाचण्या. मॅडमनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहून दिल्या: कोणते जुळले पाहिजेत (कादंबऱ्या, तऱ्हा, वाऱ्या, दोन्ही पद्धतींनी) आणि कोणते जुळता कामा नयेत (आचाऱ्यांना आणि आचार्यांना, दऱ्या आणि दर्या). त्या पानावरूनच चाचण्यांची फाइल झाली. प्रत्येक जोडीखाली विद्यार्थिनीने इंग्रजीत एका ओळीत अर्थ दिला, म्हणजे उद्या कोणी हा कोड काढू पाहील तर काय मोडेल ते त्याला कळावं. त्या सहा ओळी कोणीही लिहिल्या असत्या. ती यादी मात्र काउंटरवर बसणाऱ्या माणसाशिवाय झाली नसती.

मर्जपर्यंतची वाट

दुसरी पुल रिक्वेस्ट बराच काळ उत्तराविना पडून होती. दिवाळी गेली, परीक्षा झाली. तिला वाटलं, नकोय त्यांना. मी सांगितलं, नम्रपणे एकदा आठवण दे, आणि आठवणीसोबत काहीतरी नवं दे. तिने मधल्या काळात मुख्य शाखा पुढे गेल्याने आलेला कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) रीबेस करून, म्हणजे आपला बदल नव्या कोडवर पुन्हा बसवून, सोडवला आणि तेवढंच लिहिलं: 'रीबेस केलं आहे, चाचण्या हिरव्या आहेत.' त्याला उत्तर आलं.

त्याच सुमारास एका नेपाळी वापरकर्त्याने आपणहून लिहिलं की 'गर्‍यो' सारखी क्रियापदं त्यांच्याकडेही जॉइनरने लिहितात, त्यांनी आपल्या डेटावर पॅच चालवून पाहिला आणि काही मोडलं नाही. मेंटेनरचा शेवटचा संकोच यानेच गेला असावा. एका गावच्या वाचनालयाचा हट्ट म्हणून आलेला बदल आता दोन भाषांचा झाला होता.

उरला रीइंडेक्सचा प्रश्न. नियम बदलला म्हणजे जुना इंडेक्स निरुपयोगी, सगळ्या नोंदी नव्याने चढवाव्या लागणार. मोठ्या ग्रंथालयांत याला तासन्‌तास लागतात. अपग्रेडसोबत ते आपोआप होऊ द्यायला मेंटेनर तयार नव्हते. म्हणून वेगळी कमांड लिहिली गेली आणि प्रकाशन टिपणात ठळक सूचना आली की देवनागरी नोंदी असतील तर ही चालवा. मग मर्ज झालं.

परिणाम

मर्ज झालं त्या दिवशी वाचनालयात काहीही बदललं नाही. ही गोष्ट नवख्यांना चटका लावते. त्यांच्या सर्व्हरवर जुनी स्थिर आवृत्ती होती. तीत हा बदल आणा अशी विनंती केली, ती नाकारली गेली, कारण किरकोळ आवृत्तीत रीइंडेक्स करायला लावायचं नाही असं त्यांचं धोरण. रास्त आहे. पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत कागद भिंतीवर राहिला.

आवृत्ती आल्यावर पुरवठादाराने अपग्रेड केलं आणि रीइंडेक्सची कमांड चालवलीच नाही. परिणामी काही काळ स्थिती आधीपेक्षा वाईट होती: वाचकाचा शब्द नव्या नियमाने बदलला जाई आणि इंडेक्स जुन्याच नियमाचा, त्यामुळे जॉइनरवाल्या नोंदी कुठल्याच कळफलकावरून मिळेनात. विद्यार्थिनीने प्रकाशन टिपणातली ती ओळ मॅडमकडून पुरवठादाराला पाठवायला लावली. कमांड चालली, याद्या एक झाल्या. शिक्षकांना त्यांच्या कादंबऱ्या फोनवर मिळाल्या. त्यांचं म्हणणं, "अक्षर अजून बारीकच हाय."

वेगळं काय करता आलं असतं

कोड लिहिण्याआधी इश्यूमध्येच 'मी असं करणार आहे' म्हणून चार ओळींचा आराखडा टाकला असता, तर सिंहली-फारसीचा आक्षेप पहिली पुल रिक्वेस्ट लिहिण्याआधीच आला असता. मॅडमची जोड्यांची यादीही पहिल्या दिवशीच घेता आली असती. त्यांना पॅच तयार झाल्यावर दाखवला गेला, म्हणजे जाणकार माणूस तपासनीस म्हणून शेवटी आला.

मुख्य शाखेचा बदल आपल्या सर्व्हरपर्यंत कधी आणि कोण आणणार, हे पुरवठादाराशी सुरुवातीलाच बोलायला हवं होतं. अपग्रेडचा दिवसही पाहून ठरवावा. इथे ते नेमकं परीक्षेच्या आधी झालं, जेव्हा वरची अभ्यासिका गच्च असते आणि 'नोकऱ्या' हा शब्द दिवसातून कितीदा शोधला जात असेल ते सांगायला नको.

इंग्रजीची भीती मात्र मला फार वाटत नाही. तिचं इंग्रजी शेवटपर्यंत साधंच राहिलं. संकेतांक, पायऱ्या आणि चाचण्या नीट असल्या की भाषेवरून कोणी अडवलं नाही.

अजून उघडं असलेलं

तिसरं एक लेखन आहे, 'शेतकर्यांच्या', सरळ रफाराचं. बरेच जण असंच टाइप करतात, आणि एक्सेलमधून फिरवून आलेल्या काही याद्यांत जॉइनर गळून पडल्याने जुन्या नोंदीही अशा झाल्या आहेत. हे जुळवायचं तर आचारी-आचार्यांचं भांडण पुन्हा उभं राहतं. विद्यार्थिनीने त्यासाठी वेगळा इश्यू उघडला आहे. तिचा प्रस्ताव असा की नेमका जुळणारा निकाल आधी द्यावा, आणि एकही न मिळाला तरच रफार व चंद्रकोर एक मानून दुसरा शोध घ्यावा. मेंटेनर म्हणतात, प्रत्येक रिकाम्या शोधाला दोन क्वेरी महाग पडतील. मॅडम म्हणतात, रिकाम्या पानापेक्षा महाग काही नाही. इश्यू अजून चर्चेत आहे, आणि शब्दांच्या नव्या जोड्या त्यात पडत आहेत.